विश्लेषण : बँका बुडाल्या, संसदेने कागद मागितले… मग काळ्या पट्ट्या कुणी मारल्या?

आयर्लंडची राजधानी डब्लिन. साल २०१५. संसदेच्या समिती कक्षात देशातील बँका का बुडाल्या याची जाहीर सुनावणी सुरू आहे. साक्षीदार समोर बसला आहे, दोन्ही बाजूंच्या पडद्यांवर एकेक कागद झळकतो आहे. प्रेक्षक सज्जातील नागरिक आणि पत्रकारांना तो वाचता येतो. पण सुनावणी सुरू होण्यापूर्वीच अध्यक्षांनी बजावून ठेवले आहे, की पडद्यावरची कागदपत्रे गोपनीय आहेत, ती कुणीही छापू नयेत.

ज्या बँका वाचवण्यासाठी जनतेने पैसे मोजले, त्या बँकांचे कागद जनतेच्या डोळ्यांसमोर आहेत, पण ते जनतेपर्यंत न्यायचे नाहीत, असा हा मामला. आयर्लंडच्या संसदेची ही बँकिंग चौकशी अलीकडच्या काळातील सर्वांत तपशीलवार संसदीय चौकशांपैकी एक मानली जाते. संसदेला बँकेचे गोपनीय कागद किती पाहता येतात आणि कुठे थांबावे लागते, हेही याच चौकशीत सर्वांत स्पष्टपणे दिसले. वरवर दूरचा वाटणारा हा प्रश्न मुंबईतल्या ठेवीदारालाही का लागू होतो, ते समजून घेऊ.

आयर्लंडमध्ये नेमके काय घडले होते?

२००० नंतरच्या दशकात आयर्लंडमध्ये घरांच्या आणि जमिनींच्या किमती आकाशाला भिडल्या होत्या. बँका बांधकाम व्यावसायिकांना भरभरून कर्जे देत होत्या. २००८ मध्ये जागतिक आर्थिक संकट आले, किमती कोसळल्या आणि बँकांकडे रोजच्या व्यवहारापुरताही पैसा उरेना.

२९ सप्टेंबर २००८ च्या रात्री तत्कालीन पंतप्रधान ब्रायन कोवेन आणि अर्थमंत्री ब्रायन लेनिहान यांनी अधिकाऱ्यांबरोबर रात्रभर खल केला. पहाटे जग जागे झाले तेव्हा निर्णय झालेला होता. सहा वित्तसंस्थांच्या जवळपास सगळ्या देण्यांना सरकारने हमी दिली. ही रक्कम होती सुमारे ४४० अब्ज युरो, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक. मंत्रिमंडळाची संमती रात्रीतूनच फोनवर घेण्यात आली.

पुढे बँका सावरण्यासाठी सरकारी तिजोरीतून सुमारे ६४ अब्ज युरो गेले. तेव्हा देशाची लोकसंख्या ४६ लाखांच्या आसपास होती. म्हणजे तान्ह्या बाळापासून वृद्धापर्यंत माणशी सुमारे १४ हजार युरो. यातले जवळपास ३५ अब्ज युरो एकट्या अँग्लो आयरिश बँक आणि आयरिश नेशनवाइड या दोन संस्थांवर खर्च झाले. नोव्हेंबर २०१० मध्ये देशाला युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले. बेरोजगारी १५ टक्क्यांच्या घरात पोहोचली आणि हजारो तरुणांनी परदेशाची वाट धरली.

संसदीय चौकशीला इतकी वर्षे का लागली?

त्याआधी चौकशा झाल्या नाहीत असे नाही. २०१० मध्ये दोन अहवाल आले. त्यातला एक सेंट्रल बँकेचे नवे गव्हर्नर पॅट्रिक होनोहान यांचा होता. २०११ मध्ये फिनलंडचे पीटर निबर्ग यांच्या आयोगाचा अहवाल आला. मात्र निबर्ग आयोगाने साक्षी बंद दाराआड नोंदवल्या. लोकांना निष्कर्ष कळले, पण कोण काय म्हणाले हे कळले नाही. त्यामुळे लोकप्रतिनिधींनी उघडपणे प्रश्न विचारावेत, ही मागणी जोर धरत गेली.

इथे एक घटनात्मक अडथळा होता. २००२ मध्ये आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘अ‍ॅबीलारा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात निकाल दिला होता. ते प्रकरण पोलीस गोळीबाराच्या संसदीय चौकशीचे होते. संसदेची समिती बाहेरच्या एखाद्या व्यक्तीवर ठपका ठेवणारा निष्कर्ष काढू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. हा अडथळा दूर करण्यासाठी सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये घटनादुरुस्तीचे सार्वमत घेतले. सुमारे ५३ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले. बँकांवर लोकांचा राग होता, पण राजकारण्यांच्या हाती न्यायाधीशाचा अधिकार द्यायचीही त्यांची तयारी नव्हती.

मग २०१३ मध्ये घटनेच्या चौकटीत बसेल असा चौकशी कायदा करण्यात आला. किअरन लिंच यांच्या अध्यक्षतेखाली दोन्ही सभागृहांच्या ११ सदस्यांची समिती नेमली गेली. डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर सुनावणी सुरू झाली आणि पहिले साक्षीदार होते तेच पीटर निबर्ग. म्हणजे हमीच्या त्या रात्रीनंतर सहा वर्षांनी.

‘कलम ३३ एके’ म्हणजे काय?

समितीपुढचे सगळ्यात मोठे कुलूप म्हणजे हे कलम. आयर्लंडच्या १९४२ च्या सेंट्रल बँक कायद्यात ते नंतर घालण्यात आले. त्याचा गाभा सोपा आहे. बँकांवर देखरेख करताना सेंट्रल बँकेच्या हाती जी गोपनीय माहिती येते, ती तिच्या अधिकाऱ्यांनी, माजी अधिकाऱ्यांनीही, उघड करायची नाही. केली तर तो गुन्हा.

या कलमाच्या मागे युरोपीय संघाचे नियमही उभे आहेत. बँकांच्या भांडवलाविषयीच्या २०१३ च्या युरोपीय निर्देशात नियामकांवर गोपनीयतेचे बंधन आहे. त्याच निर्देशाच्या कलम ५९ मध्ये एक खिडकीही ठेवलेली आहे. सदस्य देशाला हवे असेल तर संसदेच्या चौकशी समितीला देखरेखीची माहिती देता येते. पण त्याला अटी आहेत. समितीची कार्यकक्षा कायद्याने नेमकी ठरलेली हवी. माहिती त्या कामासाठी अगदी आवश्यक हवी. ती पाहणाऱ्यांवरही नियामकाइतकेच गोपनीयतेचे बंधन हवे. आणि माहिती दुसऱ्या देशाच्या नियामकाकडून आलेली असेल तर त्याची स्पष्ट संमती हवी.

आयर्लंडने या खिडकीचा वापर केला. २०१५ मध्ये सेंट्रल बँक कायद्यात दुरुस्ती करून समितीला माहिती देण्याची वाट मोकळी करण्यात आली. म्हणजे संसदेने नेमलेल्या समितीला कागद पाहता यावेत म्हणून संसदेलाच आधी कायदा बदलावा लागला.

मग समितीला कागद मिळाले की नाही?

मिळाले आणि ढिगाने मिळाले. पाच लाख पानांच्या घरात कागदपत्रे समितीकडे जमा झाली. शंभराहून अधिक साक्षीदारांना विचारणा झाली. अडचण संख्येची नव्हती. अडचण होती ती कागदावरचा कुठला भाग दिसतो आणि दिसलेल्यातले काय बोलता येते, याची.

काही कागदांवरचा मजकूर काळ्या पट्ट्यांखाली गेला होता आणि त्यावरून सदस्यांनी नाराजीही व्यक्त केली. जी माहिती समितीने पाहिली, तिच्याबाबत सदस्यांवरही गोपनीयतेचे बंधन आले. सेंट्रल बँकेशी संबंधित साक्षीदार येत, तेव्हा अध्यक्ष सुरुवातीलाच ही मर्यादा सांगत. काही माहिती फक्त गोषवाऱ्याच्या किंवा एकत्रित आकड्याच्या रूपात मांडता येईल, त्यातून कुठलीही एक संस्था ओळखता येणार नाही, अशा आशयाची ही सूचना होती.

याचा व्यवहारात अर्थ काय होतो? समजा एखाद्या गावातील सहा शाळांचा दहावीचा निकाल मिळून ७० टक्के लागला. ही माहिती खोटी नाही. पण कोणत्या शाळेत निम्मी मुले नापास झाली आणि तिथल्या मुख्याध्यापकांना ते आधी माहीत होते का, हे विचारायचेच नाही, असा नियम केला तर त्या ७० टक्क्यांचा पालकांना उपयोग काय? बँकांच्या बाबतीत तर नेमका हाच प्रश्न होता. कोणत्या बँकेने मोजक्या बिल्डरांना किती कर्ज दिले, नियामकाला ते केव्हा कळले आणि कळल्यावर त्याने कुणाला पत्र लिहिले? एकत्रित आकड्यात हे तिन्ही प्रश्न विरघळून जातात.

आणखी कोणती कुलुपे होती?

पहिले, मंत्रिमंडळाची गोपनीयता. आयर्लंडमध्ये मंत्रिमंडळातील चर्चा गोपनीय ठेवण्याची तरतूद १९९७ पासून थेट राज्यघटनेत आहे. अपवाद फारच मोजके आणि त्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. त्यामुळे ४४० अब्ज युरोंच्या हमीला मंजुरी देताना मंत्र्यांमध्ये काय बोलणे झाले, याच्या मुळाशी जाण्याची वाट अरुंद होती.

दुसरे, फौजदारी खटले. अँग्लो आयरिश बँकेच्या माजी वरिष्ठांवर खटले सुरू होते किंवा व्हायचे होते. समितीत काही बोलले गेले आणि त्याचा ज्यूरीवर परिणाम झाला, तर आरोपी त्याच कारणाने सुटण्याचा धोका होता. म्हणून सगळ्यात जास्त पैसा ज्या बँकेने खाल्ला, तिच्या प्रमुखांचीच जाहीर साक्ष होऊ शकली नाही. पुढे बँकेचे माजी अध्यक्ष शॉन फिट्झपॅट्रिक २०१७ मध्ये निर्दोष ठरले. माजी मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड ड्रम यांना ठेवी प्रत्यक्षाहून ७.२ अब्ज युरोंनी जास्त भासवण्याच्या कटात २०१८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. तोवर समितीचे काम संपून दोन वर्षे उलटली होती.

तिसरे कुलूप देशाबाहेर, जर्मनीतील फ्रँकफर्टमध्ये होते. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे म्हणणे असे, की आपण युरोपीय संसदेला उत्तरदायी आहोत, एखाद्या देशाच्या संसदेला नाही. तिचे माजी अध्यक्ष ज्याँ-क्लोद त्रिशे समितीपुढे औपचारिक साक्षीला आलेच नाहीत. एप्रिल २०१५ मध्ये ते डब्लिनमध्ये एका संस्थेच्या कार्यक्रमाला आले आणि तिथे समितीच्या सदस्यांनी त्यांना प्रश्न विचारले. संसदेच्या चौकशीतला महत्त्वाचा प्रश्नोत्तराचा तास असा संसदेबाहेर, व्याख्यानाच्या सभागृहात पार पडला.

त्रिशे यांचे एक पत्र मात्र तोवर बाहेर आलेले होते. १९ नोव्हेंबर २०१० रोजी त्यांनी लेनिहान यांना लिहिले होते, की आयर्लंडने आर्थिक मदतीसाठी अर्ज करावा, अन्यथा आयरिश बँकांना दिला जाणारा तातडीचा पतपुरवठा पुढे चालू ठेवता येणार नाही. दोनच दिवसांत आयर्लंडने मदत मागितली. हे पत्र चार वर्षे गोपनीय होते. युरोपीय संघाच्या लोकपालांनी ते खुले करावे असे सुचवले, तरी बँक बधली नव्हती. नोव्हेंबर २०१४ मध्ये एका आयरिश वृत्तपत्राने ते छापले आणि त्याच दिवशी मध्यवर्ती बँकेने ते स्वतः प्रसिद्ध केले. त्यानंतर कोणतीही बँक कोसळली नाही, बाजार हादरला नाही. गोपनीयतेसाठी दिली जाणारी कारणे कागद उघडल्यावर किती टिकतात, याचा हा एक धडा.

गोपनीयता ठेवायचीच कशाला?

इथे दुसरी बाजू नीट समजून घ्यायला हवी. ती हलकी नाही.

बँक विश्वासावर चालते. एखाद्या बँकेची तपासणी सुरू आहे एवढी कुजबुज झाली तरी दारात रांग लागते, आणि रांग लागली की चांगली बँकही अडचणीत येते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर, म्हणजे पीएमसीवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. मुंबईतल्या शाखांसमोरची ती गर्दी, ते रडवेले चेहरे कुणी विसरलेले नाही. तपासणीचा प्रत्येक शेरा लगेच जाहीर झाला, तर घबराट पसरू शकते.

दुसरे कारण ग्राहकाचे. कर्ज घेणारा प्रत्येक जण बुडवा नसतो. एखाद्या दुकानदाराचा हप्ता दोन महिने थकला, ही त्याची आणि बँकेची गोष्ट आहे. ती संसदेच्या पडद्यावर यायचे कारण नाही.

तिसरे कारण नियामकाचे. आपण दिलेली माहिती उद्या छापून येईल असे बँकांना वाटले, तर त्या मोकळेपणाने माहिती देणार नाहीत आणि देखरेखच कमजोर होईल.

मग अडचण नेमकी कुठे आहे?

ही तिन्ही कारणे चालू असलेल्या बँकेला आणि प्रामाणिक ग्राहकाला लागू होतात. आयर्लंडच्या चौकशीत प्रश्न होता बुडालेल्या बँकांचा आणि सात-आठ वर्षांपूर्वीच्या कागदांचा. अँग्लो आयरिश बँकेचे जानेवारी २००९ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे ती गुंडाळलीही गेली. जी बँकच उरली नाही, तिच्यावरचा विश्वास उडण्याची भीती कशी बाळगायची?

खरी गोम शिक्षेच्या रचनेत आहे. कागद हातात असलेल्या अधिकाऱ्याने गरजेपेक्षा जास्त दाखवले तर तो गुन्हेगार ठरू शकतो. गरजेपेक्षा जास्त झाकले तर त्याला कुणी जाब विचारत नाही. अशा वेळी कुठलाही शहाणा अधिकारी शंका आली की पट्टी मारणारच. यात कुणाचा वाईट हेतू असायलाच हवा असे नाही. होनोहान यांनी तर २०१० च्या आपल्या अहवालात त्यांच्याच संस्थेच्या जुन्या कारभारावर कठोर टीका केली होती. पण चांगल्या माणसालाही कायदा ज्या दिशेला ढकलतो, त्याच दिशेला संस्था जाते.

त्यात आणखी एक गाठ. बँकांच्या कारभाराइतकाच नियामकाचा कारभारही या चौकशीचा विषय होता. आणि कोणता कागद गोपनीय आहे, हे आधी ठरवायचे होते त्याच नियामकाने. ज्याचा पेपर तपासायचा, त्याच्याच हातात कोणती पाने तपासायची याची निवड द्यावी, असा हा प्रकार.

चौकशीतून शेवटी काय निघाले?

समितीचा तीन खंडांचा अहवाल २७ जानेवारी २०१६ रोजी प्रसिद्ध झाला. बँका एका घटनेमुळे किंवा एका निर्णयामुळे बुडाल्या नाहीत, अनेक वर्षांच्या चुकीच्या निर्णयांचा तो एकत्रित परिणाम होता, असा त्याचा सूर होता. बँकांच्या संचालक मंडळांनी पत्करलेली जोखीम आणि नियामकांची निष्क्रियता यांवर त्यात बोट ठेवलेले आहे. पण सगळ्यांची चूक असे म्हटले, की कुणाची नेमकी किती, हा प्रश्न मागे पडतो. तसे झालेही.

११ पैकी दोन सदस्यांनी, पिअर्स डॉहर्टी आणि जो हिगिन्स यांनी, अहवालावर सही करायला नकार दिला. समितीपाशी वेळही उरला नव्हता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला संसद विसर्जित झाली आणि २६ फेब्रुवारीला निवडणूक झाली. त्याआधी अहवाल आला नसता तर सगळे काम वाया गेले असते. कागद नाकारण्याची गरज नसते, ते उशिरा दिले तरी पुरते, हे ज्या कुणाला चौकशी लांबवायची असते त्याला बरोबर ठाऊक असते.

तरीही ही चौकशी फुकट गेली असे म्हणणे अन्यायाचे होईल. माजी पंतप्रधान, मंत्री, बँकर, नियामक, बिल्डर यांनी शपथेवर, कॅमेऱ्यासमोर उत्तरे दिली. ती नोंद आज कुणालाही वाचता येते. बंद दाराआडच्या आयोगांतून हे मिळाले नव्हते.

भारतात काय स्थिती आहे?

बँकिंग आणि शेअर बाजारातील घोटाळ्यांवर भारतात दोनदा संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. पहिली १९९२ च्या हर्षद मेहता रोखे घोटाळ्यानंतर, रामनिवास मिर्धा यांच्या अध्यक्षतेखाली. दुसरी २००१ च्या केतन पारेख प्रकरणानंतर, प्रकाश मणी त्रिपाठी यांच्या अध्यक्षतेखाली. दोन्ही घोटाळ्यांचे केंद्र मुंबईच होती.

आपली पद्धत आयर्लंडहून वेगळी आहे. लोकसभेच्या नियम २६६ नुसार समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. नियम २७५ नुसार साक्षी आणि कामकाज सभागृहात मांडले जाईपर्यंत गोपनीय असते. नियम २७० समितीला माणसे आणि कागद बोलावण्याचा अधिकार देतो. पण त्यातच एक अट आहे. कागद उघड झाल्याने देशाच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधा येईल असे वाटले, तर सरकार तो देण्यास नकार देऊ शकते. ‘देशाचे हित’ म्हणजे काय, याची व्याख्या तिथे नाही.

बँकांपुरते पाहिले तर रिझर्व्ह बँक कायद्याचे कलम ४५ ई आहे. बँकांनी रिझर्व्ह बँकेला दिलेली कर्जविषयक माहिती त्यानुसार गोपनीय मानली जाते. स्टेट बँक आणि राष्ट्रीयीकृत बँकांच्या कायद्यांतही अशीच तरतूद आहे. कर्जदारांची नावे विचारली की संसदेतील लेखी उत्तरांत याच कलमाचा हवाला येतो, हे नेहमीचे झाले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये ‘रिझर्व्ह बँक विरुद्ध जयंतीलाल मिस्त्री’ या निकालात वेगळी दिशा दाखवली. रिझर्व्ह बँकेचे बँकांशी विश्वस्ताचे नाते नाही, तिचे कर्तव्य लोकहिताशी आहे, त्यामुळे तपासणी अहवालांसारखी माहिती माहिती अधिकारात द्यावी लागेल, असे न्यायालयाने म्हटले. पण लगेच पुढच्या वर्षी, ५०० कोटींहून अधिक थकवणाऱ्यांची यादी न्यायालयाने मागितली तेव्हा रिझर्व्ह बँकेने ती बंद लिफाफ्यात दिली आणि जाहीर करायला विरोध केला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच, २०१५ च्या निकालात खासगीपणाच्या हक्काशी समतोल पाहिला गेला नव्हता, असे नोंदवून बँकांच्या याचिका ऐकण्याचा मार्ग मोकळा केला. म्हणजे चेंडू अजून मैदानातच आहे.

मार्च २०२० मध्ये ५० मोठ्या कर्जबुडव्यांच्या प्रश्नावरून लोकसभेत गदारोळ झाला. पुढच्याच महिन्यात माहिती अधिकाराच्या एका अर्जाला रिझर्व्ह बँकेने उत्तर दिले आणि ५० हेतुपुरस्सर कर्जबुडव्यांची यादी बाहेर आली. त्यांची निर्लेखित केलेली रक्कम होती ६८,६०७ कोटी रुपये. निर्लेखन म्हणजे कर्जमाफी नव्हे, वसुली चालू राहते. ते काहीही असो, नावे जाहीर झाल्याने एकाही बँकेसमोर रांग लागली नाही. आणि संसदेत ज्यावरून गदारोळ झाला, त्याचे उत्तर सभागृहाबाहेर, एका साध्या अर्जाला मिळाले, हेही नोंद घेण्यासारखे.

मग मार्ग काय?

सगळे कागद उघडे टाका, ही मागणी सोपी आहे आणि चुकीचीही. सगळे झाकून ठेवा, हेही तसेच. आयर्लंडच्या अनुभवातून चार गोष्टी पुढे येतात.

पहिली, गोपनीयतेला मुदत हवी. चालू बँकेच्या तपासणीचा अहवाल आज झाकणे समजू शकते. बुडालेल्या किंवा विलीन झालेल्या बँकेचा अहवाल ठरावीक वर्षांनी आपोआप खुला व्हायला हवा.

दुसरी, पट्टी कुठे मारायची हे ज्याची चौकशी आहे त्याने ठरवू नये. निवृत्त न्यायाधीशासारख्या तटस्थ व्यक्तीने मूळ कागद पाहून निर्णय द्यावा आणि प्रत्येक पट्टीचे कारण लेखी नोंदवावे. कारण लिहावे लागले की पट्ट्या आपोआप कमी होतात.

तिसरी, ग्राहक आणि संस्था यांत फरक करावा. सामान्य खातेदाराचे नाव झाकलेच पाहिजे. पण बँकेचे नाव, तिच्या संचालक मंडळाचा ठराव आणि नियामकाने तिला लिहिलेले पत्र यांना खातेदाराच्या खासगीपणाचे पांघरूण घालता येणार नाही.

चौथी, समितीला कागद मिळण्याची घड्याळी मुदत कायद्यात हवी. नाहीतर निवडणूक येते, समिती संपते आणि खोक्यांतले कागद खोक्यांतच राहतात.

यातली कुठलीही गोष्ट क्रांतिकारक नाही. युरोपीय कायद्याने तर खिडकी आधीच ठेवली आहे आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१५ मध्ये ती दाखवून दिली आहे. संसदेने स्वतःच्या नियमांत तिला जागा द्यायची आहे, एवढेच.

बँक बुडते तेव्हा ठेवीदाराला पासबुकातला प्रत्येक आकडा दाखवून सिद्ध करावा लागतो. केवायसीचे कागद, सह्या, ओळखपत्रे, सगळे पुन्हा पुन्हा द्यावे लागते. त्याच्याकडून कुणी एकत्रित आकडा स्वीकारत नाही. त्याच्या पैशाचे काय झाले हे त्याच्या वतीने संसद विचारते, तेव्हा तिच्यापुढे येणारे कागदही तितकेच पूर्ण असावेत, एवढीच ही अपेक्षा आहे.